कालकथित जनाबाई साळवे

यशोधरा ओव्हाळ हिचा हात कामाला चपळ होता आणि राग त्याहून चपळ. अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली ही मुलगी बीएस्सी झाली, उल्हासनगरात नोकरीला लागली आणि रोज सकाळी इस्त्रीचा कुर्ता घालून बाहेर पडू लागली, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं बँकेत लागली. तिनंही तो गैरसमज फारसा दूर केला नाही. खरं तर ती कॅम्प तीनमध्ये एका कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर बसायची. माळ्यावर जीन्सचे गठ्ठे, त्यांच्यामध्ये कसेबसे मांडलेले कॉम्प्युटर, आणि जिन्याच्या तोंडाशी वासवानीशेठ.

शेठचा मूळ धंदा जीन्सचा. पण परदेशातली दुकानं इंटरनेटवर काय विकतात, कसला कट चालतो, कसल्या बटणाला गिऱ्हाईक आहे, हे आपल्या बाजारातल्या लोकांना आधी कळलं तर ते आनंदानं पैसे देतील, हे त्यांनी हेरलं होतं. "बेटा, वो जो वेबसाइट पे है ना, वो सब मेरे को एक्सेल में मंगता है," एवढंच ते सांगत. सुरुवातीला यशोधरा एकेक पान उघडून हातानं उतरवून काढायची. महिनाभरात ती त्या कामाला इतकी विटली की तिनं पायथन नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा शिकून घेतली. आळशीपणाला लोक उगाच नावं ठेवतात.

आता वेबपेज म्हणजे वरून दिसतं तेवढंच नसतं. आत ते खुणांनी भरलेलं असतं. इथून अक्षर ठळक, इथं ठळक संपलं. इथून रंग लाल, इथं लाल संपला. या खुणांना टॅग म्हणतात, आणि मजकूर हवा असेल तर तो त्यांच्यामधून वेचून काढावा लागतो. हे काम करणारी एक लायब्ररी, म्हणजे कुणा भल्या माणसानं लिहून फुकट वाटलेला कोड, यशोधराला सापडली. इंग्रजीत तिचं नाव होतं 'सुंदर सूप'. त्या माणसाच्या मनात प्यायचं सूप होतं. ओव्हाळांच्या घरात मात्र त्या शब्दाचं वेगळंच झालं.

"सुपानं काम करते म्हणजे?" आईनं विचारलं. "तुमच्या हापिसात काय तांदूळ पाखडतात?"

"तसंच समज. टॅग म्हणजे फोलपटं. सूप फोलपटं उडवतं आणि दाणे ठेवतं."

"आणि नाव सुंदर सूप?" बाबा पेपरमधून डोकं वर काढून म्हणाले. "मग सुंदराबाईचंच सूप म्हण की." आईचं नाव सुंदराबाई. त्या दिवसापासून यशोधरा ऑफिसात आईचं सूप वापरते, असं घरात सर्रास बोललं जाऊ लागलं, आणि आईला ते मनातून आवडायचं.

या सुपाचा एक गुण यशोधराला फार भावला होता. पान कितीही गचाळ लिहिलेलं असो, ते कुरकुर करत नाही. कुणी टॅग उघडला आणि मिटायला विसरला, तर दुसरे प्रोग्रॅम अडून बसतात, लाल अक्षरात कटकट करतात. हे सूप चूक पोटात घालतं. टॅग कुठं मिटायचा असेल याचा ते आपलं आपण अंदाज बांधतं आणि पुढं चालू लागतं. यशोधराला त्याचं कौतुक वाटे, कारण तिच्या घरी चूक पोटात घालायची पद्धत नव्हती. तिचे बाबा, भीमराव ओव्हाळ, फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. जन्मभर त्यांनी मालाला गेज लावून पास-नापास केलं, आणि रिटायर झाल्यावर तेच गेज ते घरातल्या भाकरीला, रिक्षावाल्याला आणि विहाराच्या कमिटीला लावत होते. ते स्वतः चुकू शकतात ही शंका घरात कुणालाच कधी आली नव्हती.

ते साल होतं २००६. धम्मदीक्षेला पन्नास वर्षं होत होती, आणि क्वार्टर्सजवळच्या मैत्री बुद्धविहारानं मोठा कार्यक्रम ठरवला होता. हे विहार इथल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः घमेली वाहून बांधलं होतं. ज्यांनी ती वाहिली ते सगळे संस्थापक सभासद. त्यांच्यातले जे हयात आहेत त्यांना स्टेजवर बोलावून शाल आणि संविधानाची प्रत द्यायची, आणि जे गेले त्यांची नावं स्मरणिकेत काळ्या चौकटीत छापून त्यांच्या घरच्यांना आदरांजलीचं पत्र पाठवायचं, असं कमिटीत ठरलं. कोण आहे आणि कोण गेलं हे वेगळं करायचं काम कुणाचं, यावर सगळे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा बाबा उठून म्हणाले, "माझी मुलगी कॉम्प्युटरवर काढून देईल. चहा थंड व्हायच्या आत."

ही माहिती विहाराच्या वेबपेजवर होती. नरेंद्र नावाच्या एका हौशी पोरानं ते पान बनवलं होतं आणि मग तो नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. सभासदांची नावं आणि आताचे पत्ते त्यानं क्वार्टर्सच्या जुन्या ओळीप्रमाणं एकाखाली एक लिहिले होते. गेलेल्या माणसाच्या नावाआधी आपल्यात कालकथित लिहितात. नरेंद्रनं प्रत्येक ठिकाणी तो शब्द टाइप करायचा कंटाळा केला आणि शक्कल काढली: गेलेल्यांची नावं राखाडी रंगात. वर एक ओळ लिहून टाकली की राखाडी नावं कालकथित समजावीत. पुण्याला जाताना पान सांभाळायचं काम तो बाबांना शिकवून गेला, आणि बाबा क्वार्टर्सच्या नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन, एका बोटानं का होईना, ते सांभाळत होते.

कार्यक्रमासाठी भंतेजींना आमंत्रण द्यायला बाबा औरंगाबादला गेले. मोबाइल त्यांना पटत नसे. सोमवारी मजकूर छापखान्यात जायचा होता. शनिवारी दुपारी शेठची कामं आटपल्यावर यशोधरानं विहाराचं पान न उघडताच त्याचा पत्ता सुपाला दिला आणि सांगितलं, राखाडी रंगाच्या टॅगमध्ये जे असतील त्यांच्या नावाआधी कालकथित लिही, बाकीच्यांना आयुष्मान किंवा आयुष्मती. प्रिंटर घरघरला. दोन प्रती बाहेर आल्या. ती उभ्या उभ्या वाचत गेली, आणि एका ओळीवर थबकली.

कालकथित जनाबाई साळवे.

यशोधरा तीन वर्षांची असताना आईला टीबी झाला आणि तिला दूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. बाबांची शिफ्ट ड्यूटी. त्या काळात समोरच्या ओळीतल्या क्वार्टरमधली जनामावशी यशोधराची सर्व काही झाली. जनामावशी फॅक्टरीच्या दवाखान्यात आया होती, विधवा, मूलबाळ नाही. तिनं या पोरीला न्हाऊ घातलं, भरवलं, गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन बसली. आई बरी होऊन परत आली तेव्हा पोर तिला ओळखेना. आईनं हात पुढं केले की ती जनामावशीच्या पदराआड लपायची. आईनं ते किती दिवस सोसलं कुणास ठाऊक, पण एकदा भर ओट्यावर ती ओरडली, "आक्का, माझं लेकरू मला परत दे!" जनामावशीनं पोरीला आईच्या हातात दिलं, आपलं दार लावलं, आणि पुन्हा म्हणून ओव्हाळांच्या घरात पाऊल टाकलं नाही.

भांडण असं नव्हतंच. सणाला ताट जायचं, रस्त्यात दिसल्या तर जय भीम व्हायचा. यशोधरा मोठी झाल्यावर स्वतःहून तिच्याकडे जाऊ लागली, आणि जनामावशी रिटायर होऊन बदलापूरला पुतण्याकडे, प्रमोदकडे, राहायला गेली तेव्हा तिथंही जायची. मग नोकरी लागली, माळा लागला, आणि जाणं लांबत गेलं. आणि आता हा कागद.

तिनं तिथूनच प्रमोदच्या घरचा फोन लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगू लागली. यशोधरानं फोन आपटला. वासवानीशेठनी जिन्यातून वर बघितलं. "क्या हुआ, साईं? कंप्यूटर खराब हुआ?"

"नहीं शेठ. घर में कोई गुज़र गया," ती म्हणाली, आणि घर में हे शब्द तोंडून गेल्यावर तिचे डोळे भरून आले.

कागद खोटा असेल असं तिला वाटलंच नाही. जनामावशीच्या वरच्याच ओळीला हरिचंद्रकाकांचं नाव होतं, आणि ते तर पावसाळ्यात खरंच गेले होते, ती स्वतः त्यांच्या अंत्ययात्रेला गेली होती. शिवाय पान बाबांच्या हातचं. बाबांना कळलं होतं आणि त्यांनी घरात सांगितलं नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. आपल्या घरात जनामावशीचा विषय निघाला की आईचा चेहरा कसा होतो हे तिला ठाऊक होतं. म्हणून दाबून ठेवलं. तिचं डोकं अंबरनाथ येईपर्यंत तापत राहिलं.

घरी आई ओट्यावर तांदूळ पाखडत बसली होती. यशोधरानं चपलाही काढल्या नाहीत.

"जनामावशी गेली, हे तुला माहीत होतं?"

सूप आईच्या हातात तसंच राहिलं. "कोण म्हणालं?"

"बाबांनीच पानावर टाकलंय. हे बघ."

आई अक्षर जुळवत वाचायची. तिनं कागद बराच वेळ धरला. मग आत जाऊन तो नीट टेबलावर ठेवला, पुन्हा ओट्यावर येऊन बसली आणि पाखडू लागली.

"आई, मी उद्या जाणार आहे बदलापूरला. तू येतेस?"

"मी कोणत्या तोंडानं जाऊ?" आई म्हणाली. एवढंच. सूप पुन्हा हलू लागलं. यशोधराला त्या आवाजाचा इतका संताप आला की ती आतल्या खोलीत निघून गेली. आई तेच ते तांदूळ परत परत पाखडत होती, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी तिनं नाक्यावरून पांढऱ्या मेणबत्त्यांचं पाकीट आणि अगरबत्ती घेतली आणि बदलापूरच्या शेअर रिक्षात बसली. चिखलोलीच्या रस्त्याला जिथं तिथं नव्या बिल्डिंगांचे खड्डे खणलेले होते आणि रिक्षा त्यांच्याइतकेच मोठे खड्डे चुकवत चालली होती. शेजारच्या बाई कुणाच्या तरी साखरपुड्याचं सांगत होत्या. यशोधरा सगळीकडे हो हो करत होती. प्रमोददादाला काय विचारायचं, हे ती मनात जुळवत होती. शेवटी कुणी होतं का जवळ. माझी आठवण काढली का. हा दुसरा प्रश्न विचारवणार नाही, हे तिला चिखलोली ओलांडेपर्यंत कळून चुकलं.

बिल्डिंगची लिफ्ट बंद होती. ती जिने चढली, दारावरची साळवे ही पाटी वाचली, बेल दाबली. बेल वाजली नाही. तिनं कडी वाजवली. आतून चपला फरफटत आल्या आणि दार उघडलं.

दारात जनामावशी उभी होती. केसांना हिरवीगार मेंदी थापलेली, खांद्यावर जुना टॉवेल, कपाळावर एक ओघळ.

"कोण? यशू? अगं बाई!" तिची नजर पाकिटावर गेली. "आणि मेणबत्त्या आणल्यास? सकाळपासून लाइट गेलेत ते पार अंबरनाथपर्यंत कळलं वाटतं. बरं झालं बाई, घरात एक नव्हती."

जीव भांड्यात पडला असं आपण सहज बोलून जातो. यशोधराचा तिथं दारातच पडला, आणि त्याच्या पाठोपाठ ती स्वतः उंबऱ्यावर बसली. तिनं जनामावशीचे दोन्ही पाय धरले, पाया पडायला नव्हे, नुसते धरले. ते गरम होते. टाचांना भेगा होत्या. जगात याहून चांगलं काही तिनं आजवर हातात धरलं नव्हतं.

"काय झालं गं? नोकरी गेली? घरी कुणी बोललं?"

"तू गेलीस," यशोधरा हुंदके देत म्हणाली.

"मी? कुठं?"

"गेलीस म्हणजे... वारलीस."

जनामावशीनं काळजीनं विचारलं, "कधी?"

यशोधराला रडता रडता हसू फुटलं, आणि एकदा फुटलं ते थांबेना. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार किलकिलं करून बघितलं. जनामावशीनं तिला दंडाला धरून आत ओढलं, हॉलमधल्या सोफ्यावर बसवलं आणि पाणी दिलं. हॉलच्या खिडकीला दुसऱ्या बिल्डिंगची भिंत चिकटलेली, त्यामुळं दिवसासुद्धा आत अंधार. प्रमोद आणि त्याची बायको मुलांना घेऊन सासुरवाडीला गेले होते. जनामावशीनं मेणबत्ती पेटवून बुद्धाच्या मूर्तीपुढच्या स्टुलावर ठेवली आणि म्हणाली, "हां, आता सांग. कोणी मारलं मला?"

यशोधरानं पर्समधला कागद काढला. फोनचं विचारल्यावर कळलं की प्रमोदनं मोबाइल घेऊन जुना फोन बंद केला होता, दुसरं काही नाही. मग दोघी मेणबत्तीच्या उजेडात कागद वाचायला बसल्या. यशोधरा नाव वाचायची आणि जनामावशी निकाल द्यायची.

"कालकथित धर्मराज शिरसाट."

"काल तर खाली भेटला. गुडघ्याचं रडगाणं सांगत होता."

"कालकथित बनूबाई मोरे."

"बनूबाई? ती आपल्या सगळ्यांना पोचवून जाईल. पुढं वाच."

पुढं वाचता वाचता यशोधराचं बोट थांबलं आणि कागदावर उलटं वर सरकू लागलं. वरच्या भागात जिवंत आणि गेलेले मिसळलेले होते, जसे खऱ्या आयुष्यात असतात. हरिचंद्रकाकांपासून खाली मात्र एकही माणूस वाचलेला नव्हता. अख्खी ओळ साफ. पटकी आली असती तरी कुणीतरी उरलं असतं.

तिनं कपाळाला हात लावला. "टॅग मिटलाच नाही."

"काय मिटलं नाही?"

"मावशी, हरिचंद्रकाका गेले तेव्हा बाबांनी त्यांच्या नावाआधी राखाडी रंगाची खूण घातली. रंग इथून सुरू. पण नावापाशी तो थांबव असं सांगणारी दुसरी खूण लागते, ती घातली नाही. मग रंग सांडत गेला शेवटपर्यंत. माझ्या सुपानं विचारलंसुद्धा नाही. त्याला वाटलं, असेल, हे सगळेच गेले असतील. चूक पोटात घातली आणि माणसं कालकथित करून टाकली."

"आणि तुला नाही वाटलं, एवढी माणसं एकदम कशी जातील?"

"वाटायला हवं होतं. तुझं नाव वाचल्यावर मला दुसरं काही दिसलंच नाही," यशोधरा म्हणाली, आणि हे खरं होतं.

बाबा परत आल्यावर त्यांचा जबाब झाला. तो इथंच सांगून टाकलेला बरा. खूण दोन्ही बाजूंनी लागते हे नरेंद्रनं सांगितलं होतं, ते त्यांनी मान्य केलं. पण हरिचंद्र त्यांचा तीस वर्षांचा बाकावरचा जोडीदार, एका डब्यातले दोघं. नावाआधी ती अक्षरं टाकली, ते नाव राखाडी झालेलं दिसलं, आणि त्यांना पडद्याकडे पुढं बघवलं नाही. ते कॅफेतून उठून आले. जन्मभर गेज लावणारा माणूस तेवढ्या एका कामाला गेज न लावता उठला, आणि यशोधरानं त्यांना त्याबद्दल एक शब्दही ऐकवला नाही. सोमवारी तिनं ती छोटी खूण घातली आणि पान स्वतःच्या डोळ्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. सगळे आपापल्या रंगात आले होते. छापखान्यात अजून काही गेलं नव्हतं, एकाही घरी आदरांजलीचं पत्र पोचलं नव्हतं. धर्मराज शिरसाटांच्या घरी ते पत्र पोचलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं ती आठवडाभर एकटीच हसत होती.

पण त्या रविवारी हे सगळं अजून व्हायचं होतं. जनामावशी मेंदी धुवायला बाथरूममध्ये गेली. यशोधरा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. पाण्याचा आवाज, डबा आपटल्याचा आवाज, मावशीचं स्वतःशी पुटपुटणं, सगळं ती कान देऊन ऐकत होती. एवढं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तेवढ्यात कडी वाजली.

तिनं दार उघडलं. बाहेर आई होती. पांढरी साडी, हातात पांढऱ्या फुलांचा हार, जिने चढून छातीचा भाता झालेला. पत्त्याचा कागद मुठीत चुरगळला होता. टेबलावर राहिलेली दुसरी प्रत बघून, विचारत विचारत, ती एकटी इथवर आली होती. आई कधी एकटी स्टेशनपलीकडेही जात नसे.

"आई, ऐक, अगं..."

"थांब जरा," आई म्हणाली. "मला बोलू दे. नाहीतर धीर व्हायचा नाही."

ती यशोधराला बाजूला सारून आत आली. अंधारातून तिला फक्त जळणारी मेणबत्ती दिसली. तिनं चपला काढल्या, मेणबत्तीसमोर खाली बसली, हार पुढ्यात ठेवला आणि हात जोडले. यशोधरानं पुन्हा तोंड उघडलं. पण बाथरूमच्या दारात जनामावशी उभी होती, केस टॉवेलात गुंडाळलेले, आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं होतं.

"आक्का," आई मेणबत्तीला म्हणाली, "मी तुला नको ते बोलले. माझं लेकरू परत दे म्हणाले. तू काय पळवून नेलं होतंस? मी तिकडं खोकत पडले होते, मी वाचते की मरते कुणाला माहीत नव्हतं, आणि तू माझी पोर जगवलीस. मला तुझा राग नव्हता गं. ती तुझ्यामागं लपायची ना, ते बघवत नव्हतं. पोर तुझीपण होती. रोज वाटायचं जावं, सांगावं. आता कुणाला सांगू? सांगायचं राहूनच गेलं."

"राहिलं कुठं?" जनामावशी मागून म्हणाली. "सांगितलंस की."

आई किंचाळली. समोरचं दार पुन्हा किलकिलं झालं. आईनं मागं वळून बघितलं, मग यशोधराकडे, मग मेणबत्तीकडे, आणि पुन्हा मागं. ती उठली, धडपडली, आणि तिनं जनामावशीच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली.

"मेली नाहीस होय गं तू!"

"नाही बाई. तुझ्या नवऱ्यानं मारलं होतं, पण लागलं नाही."

आईनं दुसरी चापट मारली. तिसरी मारायला उचललेला हात तसाच जनामावशीच्या गळ्यात पडला. दोघी त्या अंधाऱ्या हॉलमध्ये उभ्या राहून रडू लागल्या, मोठ्यानं, लाज न बाळगता, आणि मेंदीचं हिरवं पाणी आईच्या पांढऱ्या साडीवर उतरत राहिलं. यशोधरा दोघींच्या मध्ये शिरली. कुणी तिला इकडं ओढलं नाही की तिकडं.

बऱ्याच वेळानं जनामावशीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "यशू, भात टाक. तुझी आई मयताला म्हणून आलीये, काल रात्रीपासून जेवली नसेल."

"नाही जेवले," आई म्हणाली आणि सोफ्यावर ऐसपैस बसली. "दोन मुठी जास्त टाक गं. मी संध्याकाळपर्यंत काही हलत नाही."